राष्ट्रीय सेवा योजनेचे बोधचिन्ह

महाविद्यालये व विद्यापीठांतून चालणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) देशभर एकच असलेली दृश्य ओळख. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुरू केली. ‘नॉट मी बट यू’ हे तिचे बोधवाक्य.

बोधचिन्हाचा आधार ओडिशातील कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र हा आहे. पूर्व गंग घराण्यातील पहिल्या नरसिंहदेवाने (कार. सु. १२३८–६४) हे मंदिर साधारणतः तेराव्या शतकाच्या मध्यास उभारले. त्याच्या जोत्यावर सुमारे ३ मी. व्यासाची २४ चाके कोरलेली असून प्रत्येकात आठ जाड व आठ बारीक आरे आहेत. चाकांच्या संख्येचा अर्थ विवाद्य आहे. काहींच्या मते ती २४ तासांची, तर काहींच्या मते वर्षातील २४ पक्षांची द्योतक होत. १२ जोड्या धरून बारा महिने मानणारेही एक मत आहे. दिवसाचे २४ होरे (तासाएवढे कालविभाग) ज्योतिषाला परिचित होते. तथापि लोकव्यवहारातील कालमापन घटिका व प्रहरांचे असल्याने, आणि सूर्याचा रथ वर्षभर फिरतो या कल्पनेशी जुळत असल्याने, पक्ष किंवा महिने हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. आऱ्यांबाबत मात्र आठ प्रहरांची उपपत्ती सहज पटते. बोधचिन्हात बारीक आरे गाळून आठच ठेवले आहेत. हे आठ आरे दिवसाचे २४ तास दर्शवितात, हे योजनेच्या मार्गदर्शिकेतील स्पष्टीकरण तीन तासांचा एक प्रहर धरला की नेमके बसते. स्वयंसेवकाने अष्टौप्रहर सेवेस तत्पर असावे, हा त्यातील आशय. उत्पत्ती, स्थिती व लय यांचे चक्र असाही व्यापक अर्थ तेथे दिलेला आहे.

तांबडा रंग तरुणांच्या सळसळत्या रक्ताचा, तर गडद निळा विश्वाचा. योजना त्या विश्वाचा एक लहानसा अंश मानली आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या ध्वजावरील तांबडा, गडद निळा व फिकट निळा हे रंग तीन सैन्यदलांचे आहेत. छात्रसेनेला गणवेशही आहे. रासेयोला तशा लष्करी धाटणीचा गणवेश नसल्याने ओळखीचा बहुतेक भार छातीवरच्या बिल्ल्यावर येतो, आणि म्हणूनच त्यावरील चक्र सर्वत्र हुबेहूब असणे अगत्याचे ठरते.

सात दिवसांच्या विशेष शिबिराच्या फलकावर बहुधा एका बाजूस महाविद्यालयाचे बोधचिन्ह व दुसऱ्या बाजूस हे चक्र असते. फ्लेक्सच्या आडव्या जागेत बसविण्यासाठी ते ताणले की अंडाकृती होते. झेरॉक्स प्रतीत तांबडा व निळा दोन्ही काळपट उमटून रंगांतील भेद नाहीसा होतो. आकार व रंग हेच येथे अर्थाचे वाहक असल्याने मूळ प्रमाण राखून, शक्यतो दोन रंगांतच छपाई करणे इष्ट.