प्रवेशशिक्के आणि वैरी शेजारी प्रदेश

पारपत्रावरचा शिक्का वरवर पाहता साधी नोंद असते: धारक अमुक तारखेला अमुक चौकीवरून आत आला किंवा बाहेर पडला. पण ज्या भूभागाच्या मालकीवरून दोन शेजारी भांडतात, किंवा ज्या राज्याचे अस्तित्वच शेजाऱ्याला मान्य नाही, तिथे ही नोंद राजकीय विधान ठरते. सीमेवर चौकी उभारणे, पारपत्र मागणे, व्हिसा देणे ही सार्वभौम सत्तेची कामे मानली जातात. शिक्का मारणारा ‘इथून माझी हद्द सुरू होते’ असे सांगतो. तोच शिक्का पाहून प्रवाशाला माघारी धाडणारा शेजारी ते नाकारतो. भांडण दोन सत्तांचे असते आणि पाने खर्ची पडतात ती तिसऱ्याच माणसाच्या पासपोर्टची.

सर्वांत गाजलेले उदाहरण इस्रायलचे. लेबनॉन, कुवेत, इराण यांसारखे देश पासपोर्टात इस्रायलच्या प्रवासाची खूण सापडली तर प्रवेश नाकारत आले आहेत. पूर्वी जाणते प्रवासी इस्रायली अधिकाऱ्याला शिक्का सुट्या कागदावर मारण्याची विनंती करत. ती मान्य होईलच असे नसे. २०१३ पासून बेन गुरियन विमानतळावर शिक्का मारणेच थांबले. त्याऐवजी व्हिजिटिंग कार्डाएवढी निळसर चिठ्ठी मिळू लागली. तिच्यावर धारकाचे छायाचित्र आणि पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो. इस्रायलमध्ये असेपर्यंत ती जपायची, कारण कायदेशीर वास्तव्याचा पुरावा तोच. बाहेर पडल्यावर ती फेकून दिली तरी चालते.

तरीही पासपोर्ट चहाडी करतोच. इजिप्तमधून जमिनीने इस्रायलला जाण्याचा नेहमीचा रस्ता ताबा या चौकीवरून जातो, आणि चौकीचे नाव इजिप्तच्या शिक्क्यावर असते. ताब्याच्या पलीकडे इस्रायलशिवाय दुसरे काही नाही. त्यामुळे इजिप्तचा शिक्काच इस्रायलची साक्ष देतो. जॉर्डनच्या वादी अरबा आणि शेख हुसेन या चौक्यांचेही तेच. काही वेळा नसलेला शिक्काही बोलतो. एका देशातून बाहेर पडल्याची तारीख आहे, दुसऱ्या देशात शिरल्याची आठ दिवसांनंतरची आहे, तर मधले आठ दिवस माणूस कुठे होता? लेबनॉनची राजधानी बैरूतच्या काउंटरवर हा प्रश्न आला तर उत्तर तयार ठेवावे लागते. इस्रायली सुरक्षा तपासणीत पासपोर्टाच्या मागच्या बाजूला चिकटवलेला बारकोडचा छोटा स्टिकर सोलून काढायचा राहिला, तर मग प्रश्नही विचारावा लागत नाही.

याच भागात किंग हुसेन पुलाची गंमत आहे. जॉर्डन नदीवरचा हा पूल जॉर्डनला पश्चिम किनारा (वेस्ट बँक) या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशाशी जोडतो. पलीकडच्या टोकाला इस्रायली अधिकारी बसतात, पण जॉर्डन ही इतर चौक्यांसारखी रीतसर आंतरराष्ट्रीय सीमा मानत नाही. म्हणून तिथे परदेशी प्रवाशाच्या पासपोर्टावर निर्गमनाचा शिक्का मारण्याची पद्धत नाही. जॉर्डनचा व्हिसा मुदतीत असेल आणि त्याच पुलावरून परत आले, तर नवा व्हिसाही मागत नाहीत. कागदोपत्री तो माणूस जॉर्डनबाहेर गेलेलाच नसतो.

काही देशांनी ही बंदी स्वतःच्या नागरिकांच्या पासपोर्टावरच छापली आहे. पाकिस्तान आणि मलेशिया यांची पारपत्रे ‘इस्रायल वगळता’ सर्व देशांसाठी वैध असल्याचे सांगतात. बांगलादेशाने ई-पासपोर्टमधून हे शब्द काढल्याचे २०२१ मध्ये उघड झाले आणि २०२५ मध्ये ते परत घालण्याचा आदेश निघाला. भारताने वर्णद्वेषी राजवटीच्या काळात दक्षिण आफ्रिकेबाबत हेच केले होते, मात्र तो शेजाऱ्याशी असलेला सीमावाद नव्हता.

दुसऱ्या प्रकारच्या वादात प्रवासी कुठे गेला यापेक्षा तो कोणत्या दाराने शिरला हे महत्त्वाचे ठरते. जॉर्जियाच्या दृष्टीने अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हे तिचेच, पण व्यापलेले प्रदेश आहेत. २००८ च्या युद्धानंतर झालेल्या कायद्यानुसार अबखाझियात जायचे तर जॉर्जियातल्या झुगदिदी शहराच्या बाजूने, एंगुरी नदी ओलांडूनच जाता येते. रशियातून प्सोऊ चौकीवरून गेल्यास जॉर्जियाच्या कायद्याने तो गुन्हा ठरतो. रशियाने ताब्यात घेतलेल्या क्रिमियाबाबत युक्रेनचा नियम याच धर्तीचा आहे: २०१४ नंतर रशियामार्गे तिथे गेलेल्या परदेशी व्यक्तीवर युक्रेनमध्ये प्रवेशबंदी येऊ शकते.

सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातला पेच जास्त गुंतागुंतीचा. कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बियाला ते मान्य नाही. समजा, कोणी विमानाने थेट कोसोव्होची राजधानी प्रिस्टिनाला उतरला आणि तिथून रस्त्याने सर्बियाकडे निघाला. सर्बियाच्या लेखी तो परवानगीशिवाय सर्बियातच घुसलेला असतो, म्हणून त्याला परत पाठवतात. मग उत्तर मॅसिडोनिया किंवा माँटेनेग्रोला वळसा घालून यावे लागते. उलट दिशेने, म्हणजे आधी सर्बिया आणि मग कोसोव्हो असे गेले, तर अडवत नाहीत; पण निर्गमनाचा शिक्काही मिळत नाही, कारण सर्बियाच्या मते तिथे सीमाच नाही. आधीच्या कोसोव्हो भेटीचा शिक्का दिसला तर सर्बियन अधिकारी त्यावर रद्द केल्याची खूण मारत. एका सरकारच्या शिक्क्यावर दुसऱ्याने मारलेला हा शिक्का म्हणजे पासपोर्टाच्या एका चौकोनात मावलेले अख्खे भांडण.

सायप्रसमध्ये १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर बेट दुभंगले. उत्तरेतल्या राज्याने १९८३ मध्ये स्वातंत्र्य घोषित केले, पण मान्यता दिली एकट्या तुर्कस्तानने. उत्तरेचा शिक्का पासपोर्टावर असेल तर दक्षिणेत आणि ग्रीसमध्ये अडचण येई. म्हणून उत्तरेतले अधिकारी मागितल्यास सुट्या कागदावर शिक्का मारून देत. एप्रिल २००३ मध्ये मधल्या हरित रेषेवरच्या वाटा खुल्या झाल्या. आज निकोसियाच्या लेद्रा रस्त्यावर दुकाने बघत बघत माणूस पलीकडे जातो. तरी उत्तरेतल्या विमानतळावरून बेटावर उतरणे सायप्रसच्या सरकारच्या लेखी बेकायदा प्रवेशच आहे.

अझरबैजानने शिक्क्याची वाटच पाहिली नाही. अझरबैजान ज्याला आपला भाग मानतो तो नागोर्नो-काराबाख आर्मेनियन नियंत्रणाखाली असताना तिथले प्रशासन परदेशी पाहुण्यांना व्हिसा देई. तो पासपोर्टात चिकटवायचा की सुटा ठेवायचा हे पाहुण्याने ठरवायचे. सुटा ठेवणारा सुटला असे मात्र नव्हते. अझरबैजानचे परराष्ट्र मंत्रालय परवानगीशिवाय काराबाखला गेलेल्यांची नावे गोळा करून अवांछित व्यक्तींच्या यादीत टाकत होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ३३५ नावे होती. ऑपेरागायिका माँसेरात कबाये आणि शेफ अँथनी बोर्डेन यांचीही नावे अशा यादीत गेली. लपूनछपून न जाणाऱ्या माणसाला सुटा कागद काय कामाचा! सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने हा प्रदेश बळाने ताब्यात घेतला आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथले प्रशासन विसर्जित झाले. व्हिसा देणारे कार्यालय उरले नाही.

आतापर्यंतच्या उदाहरणांत सुटा कागद प्रवाशाच्या सोयीचा होता. चीनने त्याचा उपयोग उलटा केला. जम्मू-काश्मीर आणि अरुणाचल प्रदेशातल्या भारतीयांना चिनी दूतावास पासपोर्टात चिकटवलेला नेहमीचा व्हिसा न देता वेगळ्या कागदावरचा, स्टेपलरच्या पिनेने जोडलेला व्हिसा देऊ लागला. यालाच ‘स्टेपल्ड व्हिसा’ म्हणतात. पिना काढल्या की कागद हातात येतो आणि पासपोर्टावर फक्त बारीक भोके राहतात. अर्थ स्पष्ट होता: तुम्ही ज्या राज्यातून आलात ते भारताचे आहे असे आम्ही धरत नाही. भारताने असा व्हिसा ग्राह्य धरायला नकार दिला, त्यामुळे हा व्हिसा घेऊन विमानतळावर गेलेल्याला आपलेच अधिकारी थांबवतात. २०२३ मध्ये चेंगदूच्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेसाठी अरुणाचलच्या तीन वुशू (चिनी युद्धकला) खेळाडूंना स्टेपल्ड व्हिसा मिळाले, तेव्हा भारताने वुशूचा पूर्ण संघच पाठवला नाही. खेळायचे राहिले ते खेळाडूंचे.

२०१२ मध्ये हा वाद व्हिसावरून थेट पासपोर्टाच्या पानावर आला. चीनच्या नव्या ई-पासपोर्टमध्ये छापलेल्या नकाशात दक्षिण चीन समुद्र, अरुणाचल आणि अक्साई चीन हे सगळे चीनमध्ये दाखवले होते. अशा पासपोर्टावर शिक्का मारणे म्हणजे नकाशावर सही करण्यासारखेच. व्हिएतनाम आणि फिलिपिन्स यांनी त्या पानांना हात न लावता व्हिसा वेगळ्या कागदावर द्यायला सुरुवात केली. भारताने चिनी नागरिकांच्या व्हिसावर स्वतःचा नकाशा छापला. या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मिस्कील उत्तर हेच असावे.

जिथे दोन्ही बाजूंनी ‘हा सगळा देश आमचाच’ असा दावा केला, तिथे पासपोर्टच टाळतात. चीन तैवानचा पासपोर्ट मानत नाही. तैवानच्या लोकांना तो ‘तैवानी देशबांधवां’साठीचा वेगळा परवाना देतो. दक्षिण कोरियाच्या संविधानात संपूर्ण द्वीपकल्प हाच देशाचा भूभाग आहे, म्हणून उत्तरेकडे जाणाऱ्या दक्षिण कोरियन माणसाला सरकारकडून भेटीचा दाखला घ्यावा लागतो. उत्तरेच्या सीमेजवळच्या दोरासानच्या तपासणी कार्यालयाच्या कोरियन नावात ‘ये-जा’ हा शब्द आहे, पण इमिग्रेशनच्या नेहमीच्या शब्दातला ‘देश’ हा अवयव मुद्दाम गाळलेला आहे.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट आला तोच उशिरा. १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानच्या बाजूने परमिट पद्धत सुरू झाली. पूर्वेकडे तेही नव्हते. पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला ऑक्टोबर १९५२ मध्ये. काश्मीरमधली नियंत्रण रेषा मात्र या चौकटीबाहेर राहिली. ७ एप्रिल २००५ रोजी श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली तेव्हा प्रवाशांना प्रवेश परवाने दिले गेले. पासपोर्ट चालवला असता तर नियंत्रण रेषा आंतरराष्ट्रीय सीमा असल्याचे मान्य केल्यासारखे झाले असते, आणि ते पाकिस्तानला परवडणारे नव्हते. करतारपूर कॉरिडॉरची सीमा वादग्रस्त नाही, तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये तो उघडताना तिथेही एक तडजोड निघाली. भाविकाने पासपोर्ट दाखवायचा, व्हिसा लागणार नाही, पासपोर्टावर शिक्काही पडणार नाही आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे.

प्रवाशाच्या हाती उपाय थोडे आहेत. ब्रिटन आणि अमेरिका अशा कारणासाठी नागरिकाला दुसरा पासपोर्ट देऊ शकतात. भारत देत नाही. पान फाडणे किंवा शिक्का खोडणे हा तर गुन्हाच. राहता राहिला तो भेटींचा क्रम, म्हणजे कडक देश आधी आणि दुसरा नंतर.

शिक्के आता तसेही कमी होत चालले आहेत. हाँगकाँगने २०१३ मध्ये शिक्क्याऐवजी चिठ्ठी आणली, इराणने २०१९ च्या सुमारास परदेशी पासपोर्टांवर शिक्के मारणे सोडले आणि युरोपातल्या शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५ पासून संगणकीय नोंद सुरू केली. चौकशी त्यामुळे थांबलेली नाही, ती अर्जात गेली आहे. १ मार्च २०११ नंतर इराण किंवा सीरियाला गेलेल्यांना अमेरिकेची व्हिसामाफी सहसा मिळत नाही, शिक्का असो वा नसो. अझरबैजानच्या सीमेवर अडवले जायला आर्मेनियन आडनाव पुरते. भारताचा व्हिसा अर्ज तर अर्जदाराच्या आईवडिलांपर्यंत आणि आजीआजोबांपर्यंत जातो: ते पाकिस्तानचे नागरिक होते का, किंवा ‘पाकिस्तानच्या ताब्यातील प्रदेशा’तले होते का? नकाशावरचा दावा आता त्या प्रश्नाच्या शब्दांत आहे.