मोटारसायकलचे टेकू

थांबलेली मोटारसायकल उभी ठेवण्यासाठी लागणारे सगळे आधार टेकू या एका शब्दात बसतात. गाडीलाच जोडलेले साइड स्टँड आणि मेन स्टँड (बोलण्यात डबल स्टँड), गॅरेजात वापरायचे पॅडॉक स्टँड, पुढचे चाक पकडून ठेवणारी खोबण, इंजिनाखाली लावायचा जॅक आणि छताच्या तुळईवरून सोडलेले पट्टे हे त्यांचे नेहमीचे प्रकार. कोणता टेकू चांगला, असे नुसते विचारून उत्तर मिळत नाही. गाडीचा कोणता भाग सुटणार आहे यावर ते ठरते.

दोन चाके जमिनीला दोन जागी टेकतात. त्या दोन जागांमधली पट्टी इतकी अरुंद असते की गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा तिच्याबाहेर जायला वेळ लागत नाही. तिसरी जागा टेकली की त्रिकोण तयार होतो आणि ओळंबा त्रिकोणात पडतो तोवर गाडी उभी राहते. १८० किलोची गाडी, जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर तिचा गुरुत्वमध्य आणि १ मीटर उंचीवर हँडल धरलेला माणूस, असा साधा हिशेब मांडला तर ५ अंश कललेली गाडी जेमतेम ९ ते १० किलोच्या जोराने सावरता येते. १५ अंशांवर हाच जोर २८ किलो होतो आणि ३० अंशांवर ५४. गाडी हातातून निसटते ती याच मधल्या टप्प्यात. एका मर्यादेपुढे ओढत राहण्यापेक्षा गाडी सोडून मागे सरकणे शहाणपणाचे; टाकीला पोचा पडला तरी तो निघतो.

साइड स्टँड बहुतेक गाड्यांना डावीकडे असतो आणि गाडीला थोडी कलती ठेवतो. हँडल डावीकडे पूर्ण वळवले की ती जास्त निवांत बसते. हा स्टँड मागच्या बाजूला दुमडतो, त्यामुळे उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी पुढे सरकली की स्टँड आपोआप मिटतो आणि गाडी आडवी होते. म्हणून उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे आणि पहिला गियर टाकावा. उन्हाने तापलेल्या डांबरात किंवा मऊ मातीत स्टँडचे टोक रुतते. तिथे खाली लाकडाचा वा पत्र्याचा चपटा तुकडा सरकवावा. देखभालीला मात्र हा स्टँड अपुरा पडतो. कललेल्या गाडीत इंजिन ऑईलची पातळी चुकीची दिसते आणि मागचे चाकही फिरवता येत नाही.

मेन स्टँड गाडी सरळ उभी करतो आणि सहसा मागचे चाक जमिनीवरून उचलतो. गाडी त्यावर चढवणे हे ताकदीचे काम आहे असा समज आहे, तो चुकीचा. डावीकडे उभे राहून डावा हात मुठीवर, उजवा हात सीटमागच्या दांडीवर आणि उजवा पाय स्टँडच्या पायटीवर ठेवायचा. गाडी किंचित डोलवत राहिले की स्टँडचे दोन्ही पाय एकाच वेळी फरशीला लागल्याचे तळव्याला कळते. त्यानंतर हाताने उचलायचे नसते. अंगाचा सगळा भार पायटीवर टाकायचा, हातांनी फक्त दिशा द्यायची. गाडी मागे सरकत वर चढते. एकच पाय टेकलेला असताना जोर लावला तर ती तिरकी घसरते. हे काम स्लीपर घालून करू नये. स्टँडच्या पायांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर धरला तर गाडी बाजूला साधारण १४ अंश कलली की कोसळते. म्हणजे मेन स्टँडवरची गाडीही धक्क्याने पडू शकते.

पॅडॉक स्टँड रेसच्या मैदानावरून गॅरेजात आला. मागच्या स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यांना) दोन्ही बाजूंनी बसवलेल्या बॉबिनांखाली, म्हणजे रिळासारख्या छोट्या खुंट्यांखाली, त्याची खाच अडकते, किंवा बॉबिन नसतील तर रबराची पकड स्विंगआर्मखाली येते. मूठ खाली दाबली की चाक उचलले जाते. एकट्याने करताना साइड स्टँड उघडाच ठेवावा, म्हणजे पकड सुटली तरी गाडीला बसायला जागा असते. स्विंगआर्म एकाच बाजूला असेल तर पोकळ एक्सलमध्ये (चाकाच्या आसात) पिन घालणारा वेगळा स्टँड लागतो. पुढचे चाक उचलणारे दोन प्रकार आहेत: एक फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) पायांखाली टेकतो, दुसरा स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या भोकात पिन घालतो. फोर्क काढायचे असतील तर पहिला प्रकार निरुपयोगी ठरतो. दोन्ही चाके उचलायची असली तर आधी मागचे वर, मग पुढचे. उतरवताना उलटा क्रम.

भाग सुटत जातात तसा गाडीचा गुरुत्वमध्य हलतो, हेच घरी काम करणारे विसरतात. मेन स्टँडवरच्या गाडीचे पुढचे चाक काढले तर पुढच्या बाजूला आधारच उरत नाही. अशा वेळी इंजिनाखाली जॅक किंवा ठोकळा हवा, तोही लाकडाची फळी मध्ये घेऊन, आणि ऑईल फिल्टर वा सायलेन्सरच्या नळीवर भार येणार नाही अशा जागी. मेन स्टँडला पट्टा बांधून पुढे फ्रेमकडे ताणला की तो अचानक मिटत नाही. उलट इंजिन उतरवले तर भार मागे जातो आणि गाडी मागच्या चाकावर बसते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गाडी उचलल्यावर एक्सलचा नट सोडणे. मोठ्या गाड्यांत मागचा नट बऱ्याचदा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर तो सुमारे २० किलोचा झटका होतो, आणि गाडी स्टँडवरून उतरायला तेवढा पुरतो. नट आधी, चाके जमिनीवर असतानाच सैल करावा. चेनला वंगण लावताना चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू करून गियर टाकणे ही बोटे गमावण्याची रीत आहे.

महिनोन्‌महिने गाडी ठेवायची असेल तेव्हा खोबणीचा स्टँड सोयीचा. पुढचे चाक त्यात ढकलले की खोबण डोलून बंद होते आणि गाडी माणसाशिवाय उभी राहते. पट्ट्यांनी आवळताना फोर्क तळापर्यंत दाबू नये, कारण तसे ठेवले तर त्यातले तेल अडवणाऱ्या सीलवर ताण येतो. चाके जमिनीवर असतील तर टायर एकाच जागी दबून राहतात. अधूनमधून चाक पाव फेरी पुढे सरकवावे आणि हवा तपासावी. गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर रबरी चटई टाकली नाही तर चाके असलेला पॅडॉक स्टँड मूठ दाबताच गाडीसकट सरकतो.