आरसेप आणि सीपीटीपीपी: एक शर्ट, दोन करार

नोव्हेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी भारत आरसेप (प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी) आणि सीपीटीपीपी (ट्रान्स-पॅसिफिक भागीदारीचा सुधारित करार) या दोन्ही व्यापार करारांत असायला हवा, असं मत मांडलं. बातम्यांत ही नावं अशी जोडीनंच येतात, त्यामुळे एकाच कराराच्या या दोन आवृत्त्या असाव्यात असा समज सहज होतो. दोन्ही आशिया-प्रशांत भागातले, दोन्हींत अमेरिका नाही. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम आणि ब्रुनेई हे सात देश तर दोन्हीकडे आहेत. घोळ होणारच.

आरसेपची कल्पना आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची. आसियानच्या दहा देशांचे चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी आधीच वेगवेगळे करार होते. ते एकत्र बांधायचे, एवढाच मूळ बेत. १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. लोकसंख्या असो वा जीडीपी, जगातला साधारण ३० टक्के वाटा या १५ देशांचा.

सीपीटीपीपी हे मात्र अमेरिकेनं टाकून दिलेलं पोर. टीपीपी (ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी) या मूळ करारावर फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑकलंडला सह्या झाल्या, आणि जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी अंग काढून घेतलं. उरलेल्या ११ देशांनी जपानच्या पुढाकारानं तो सावरला. बव्हंशी अमेरिकेच्या आग्रहानं आलेली २२ कलमं स्थगित ठेवली आणि ८ मार्च २०१८ ला चिलीतल्या सांतियागोमध्ये नव्यानं सह्या केल्या. डिसेंबर २०२४ पासून ब्रिटनही त्यात आहे. त्याचा प्रशांत महासागराशी संबंध उरलाय तो पिटकेर्न बेटांपुरता, पण करारांना भूगोलाचं वावडं नसतं.

आता खरा फरक. तो समजून घ्यायला एक शर्ट पुरतो. व्हिएतनाममध्ये शिवलेला आणि जपानला निघालेला. व्हिएतनामचे कारखाने निम्म्याहून अधिक कापड चीनमधून आणतात, तेव्हा या शर्टाचं कापडही चिनी आहे असं धरू. आरसेपच्या नियमानुसार कापड बेतून शर्ट व्हिएतनाममध्ये शिवला की तो व्हिएतनामी ठरतो, मग कापड कुठलंही असो. सीपीटीपीपीत तसं चालत नाही. तिथं सूत कातण्यापासून पुढचं सगळं, म्हणजे विणाई, बेतणं, शिलाई, सदस्य देशांतच व्हायला हवं. टंचाईच्या काही मालाला सवलत आहे, तेवढीच. चीन सदस्य नाही, म्हणून हाच शर्ट सीपीटीपीपीच्या लेखी व्हिएतनामी नाही आणि त्याला आयात शुल्काचा सवलतीचा दर नाही. जपानला माल पाठवणारा निर्यातदार त्यामुळे कापड कुठून आलं ते बघून कुठल्या कराराखाली सवलत मागायची हे ठरवतो. गंमत म्हणजे सुताची ही अट मुळात अमेरिकी कापडधंद्याच्या सोयीची. अमेरिका गेली, अट राहिली.

आरसेपचा जोर सीमेवरच्या शुल्कावर आहे, आणि तिथं त्याचं काम लहान नाही. जपान आणि चीन यांच्यात त्याआधी मुक्त व्यापार करारच नव्हता. चीनला जाणाऱ्या जपानी औद्योगिक मालापैकी जेमतेम ८ टक्के माल शुल्कमुक्त होता, तो हळूहळू ८६ टक्क्यांवर जायचा आहे. पण घाई नाही. काही वस्तूंवरचं शुल्क उतरायला २० वर्षं लागतील. आणि कामगार, पर्यावरण किंवा सरकारी कंपन्या यांवर आरसेपमध्ये स्वतंत्र प्रकरणच नाही.

सीपीटीपीपी शुल्कावर थांबत नाही, देशाच्या घरात शिरतो. सरकारी कंपन्यांना कोणती मदत द्यायची, कामगारांना संघटना करू द्यायची की नाही, हे तिथं करारानं बांधलेलं आहे. व्हिएतनामनं २०१९ मध्ये कामगार कायदा बदलला आणि अधिकृत महासंघाबाहेरच्या संघटनांना कागदावर जागा दिली, त्यामागे हा करार हे एक मोठं कारण होतं. प्रत्यक्षात अशा संघटना फारशा उभ्या राहिलेल्या नाहीत, तो भाग वेगळा.

भारत आरसेपच्या वाटाघाटींतून बाहेर पडला तो ४ नोव्हेंबर २०१९ ला, बँकॉकमध्ये. आसियान, जपान आणि कोरिया यांच्याशी आपले करार आधीपासूनच होते. त्यामुळे आरसेपमध्ये जाणं म्हणजे मुख्यतः चीनला दार उघडणं, आणि २०१८-१९ मध्ये चीनबरोबरची व्यापारी तूट सुमारे ५३ अब्ज डॉलर होती. दुसरी भीती दुधाची. न्यूझीलंड आपलं जवळपास सगळं दूध भुकटी, लोणी, चीज करून बाहेर विकतं, आणि दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्या आपल्या उत्पादकाला त्या भावाशी टक्कर देता येणार नाही, ही सहकारी दूध संघांची तक्रार रास्तच होती.

हेच आक्षेप उचलून सीपीटीपीपीला लावले की गल्लत होते. तिथं चीन नाही. न्यूझीलंड आहे, म्हणून दुधाचा प्रश्न तसाच राहतो. सुताची अट मात्र उलटी फिरते: भारत आत असता तर व्हिएतनामच्या शिलाई कारखान्यांना भारतीय सूत आणि कापड घेण्याचं कारण मिळालं असतं, आणि ते आपल्या सूतगिरण्यांच्या, इचलकरंजीच्या मागवाल्यांच्या पथ्यावर पडलं असतं. आरसेपमध्ये हा फायदा शून्य. पण सीपीटीपीपीतल्या या फायद्याची किंमत दिल्लीत मोजावी लागते, सरकारी कंपन्या आणि कामगार कायदे यांवर बाहेरच्यांशी बांधून घेऊन. माझ्या मते आपलं खरं अवघड दुखणं हे आहे, चिनी माल नव्हे. त्यावर चर्चा मात्र फारच कमी होते.

आत जाण्याची वाटही सारखी नाही. नव्या सदस्यांसाठी आरसेपनं १८ महिन्यांची थांबण्याची अट घातली होती, त्यातून फक्त भारताला वगळलं. सीपीटीपीपीत सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. चीननं १६ सप्टेंबर २०२१ ला अर्ज केला, तैवाननं सहा दिवसांनी. उद्या चीन आधी आत गेला, तर भारताच्या अर्जाला बीजिंगचाही होकार लागेल.