बॅटरीतून लिथियम काढण्याचा कारखाना: नोंदणी कुठे, कागद कोणते

कुर्ल्याच्या भंगारगल्ल्यांत मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या गोणीत कोंबलेल्या दिसतात. एखादीला पत्र्याची कड टोचली की धूर आणि लगेच आग. मला त्या गोणीशेजारी बसून माल निवडणाऱ्या पोरांची काळजी वाटते. लिथियम, कोबाल्ट, निकेल असा नव्या बॅटरीचा माल त्याच गोणीत असतो. तो रीतसर काढायचा तर बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 खाली नोंदणी लागते.

बॅटरी बनवणारे आणि आयात करणारे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करतात. रिसायकलरची नोंदणी राज्य मंडळाकडे, म्हणजे आपल्याकडे शीवला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते. अर्ज केंद्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, फॉर्म 2(ए) मध्ये. नुसता माल गोळा करून पुढे विकणाऱ्याला रिसायकलर म्हणून नोंदणी मिळत नाही.

पॅन, जीएसटी, कंपनीचे कागद एका दिवसात जमतात. खरा वेळ जातो तो हवा आणि पाणी कायद्यांखालच्या संमतीपत्रात आणि घातक कचऱ्याच्या अधिकारपत्रात. आधी कारखाना उभारण्याची संमती, मग चालवण्याची. तिच्यात लिथियम-आयन बॅटरीचा उल्लेख आणि वर्षाला किती टन, हे स्पष्ट हवं. माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाचा अर्ज परत आला, कारण संमतीपत्रावरचे टन आणि यंत्राच्या कागदांवरची क्षमता जुळत नव्हती. हे दोन आकडे शेजारी ठेवून तपासल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

प्रक्रियेचा आराखडाही नीट लिहा. बॅटरी डिस्चार्ज करून चिरडली की काळी भुकटी मिळते, धंद्यात तिला ब्लॅक मास म्हणतात. ती आम्लात विरघळवून निकेल, कोबाल्ट वेगळे केले की शेवटी धुण्याचा सोडा घालून लिथियम कार्बोनेट खाली बसवतात. नुसती भट्टी लावली तर लिथियम बहुतेक धातुमळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ थरात जातं. नियमांनुसार मोबाइलच्या आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांमधून 2026-27 पासून कोरड्या वजनाच्या 90 टक्के माल परत मिळायला हवा, त्यामुळे पद्धत आधीच विचारपूर्वक निवडा.

नोंदणी मिळाली की दर तिमाहीचं विवरण फॉर्म 4 मध्ये, तिमाही संपल्यावर येणाऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत भरायचं. परत मिळवलेल्या धातूंवर पोर्टलवर प्रमाणपत्रं तयार होतात, ती उत्पादक कंपन्या आपल्यावरची रिसायकलिंगची जबाबदारी भागवायला विकत घेतात. कारखान्याला लागणाऱ्या पैशाचा एक वाटा तिथून येतो.

केंद्राची 1,500 कोटींची महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणाची योजनाही आहे, सप्टेंबर 2025 मध्ये मंजूर झालेली. यंत्रसामग्रीवर 20 टक्के अनुदान, पण वेळेत उत्पादन सुरू करणाऱ्याला. आणि एक अट मला अगदी रास्त वाटते: ब्लॅक मास विकून थांबणाऱ्याला पैसे नाहीत, प्रत्यक्ष खनिज काढणाऱ्यालाच आहेत.