‘पाच चिंचोके दे बरं!’

तीन वर्षांची मुलगी पाहुण्यांसमोर एक ते वीस घडाघडा म्हणते. तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवून ‘पाच दे’ म्हणा. ती मूठभर उचलून देईल. तेच चिंचोके ‘मोज’ म्हटलं तर आठपर्यंत नीट मोजेलही, पण ते पाच नाहीत हे तिला खटकणार नाही.

यात तिची चूक नाही. अंक म्हणणं म्हणजे पाठांतर. संख्या कळणं ही निराळी गोष्ट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी 1990च्या सुमारास मुलांकडून अशाच वस्तू मागून हे तपासलं. मुलांना आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. तीन-चार वस्तू डोळ्यांना न मोजताच कळतात. पुढे मात्र मोजण्यावाचून गत्यंतर नसतं. मग साधारण साडेतीन-चार वर्षांची असताना मुलं मोठी उडी घेतात : शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती, हे त्यांना उमगतं.

ही उडी घरीच सोपी करता येते. पानं घेताना ‘या तीन वाट्या’ म्हणायचं आणि लगेच बोट ठेवून मोजायचं, ‘एक, दोन, तीन’. नुसत्या उजळणीपेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

सापशिडीही उपयोगी. मानसशास्त्रज्ञ सीग्लर आणि रमाणी यांनी 2008मध्ये गरीब घरांतल्या मुलांना 1 ते 10 घरांचा साधा पट खेळायला दिला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत त्यांचा संख्यांचा अंदाज स्पष्ट सुधारला. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांचा नाही. मात्र सोंगटी पाचवर असताना दोनचं दान पडलं, तर ‘एक, दोन’ नव्हे, ‘सहा, सात’ म्हणत सरकवायची.

वीसच्या पुढे मराठी मुलांची खरी कसोटी. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी येतो, म्हणून 25चे 52 होतात. बालभारतीने 2019मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझ्या मते दोन्ही रीती शेजारी शेजारी असाव्यात. आणि अठ्ठावीसनंतर कुणी ‘नववीस’ म्हणालं तर हसू नका. त्या मुलाने रचना ओळखली आहे; ‘नव्याण्णव’ म्हणताना आपण मोठी माणसंही तेच करतो.