उपग्रह निरीक्षण व क्षेत्रमापन : खानदेशातील परिसंस्था-अभ्यास

उपग्रहावरील संवेदकांनी टिपलेले भूपृष्ठाचे परावर्तन आणि जमिनीवर प्रत्यक्ष घेतलेली मोजमापे यांची सांगड घालून वने, माळराने, पाणथळी व शेती यांची स्थिती आणि त्यांतील बदल अभ्यासण्याची पद्धती. जळगाव, धुळे व नंदुरबार (1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग) या जिल्ह्यांत तिला विशेष महत्त्व आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, पश्चिमेस सह्याद्रीची टोके आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशा या प्रदेशात थोड्या अंतरावर पर्जन्यमान झपाट्याने बदलते. नवापूर-अक्राणीकडे ते सुमारे 1,000 मिमी. किंवा अधिक, तर शिंदखेड्याच्या बाजूस त्याच्या जवळपास निम्मे असते. वन मुख्यतः शुष्क पानझडी असून त्यात साग, अंजन, सालई, धावडा, मोह, पळस, खैर, चारोळी व टेंभुर्णी आढळतात.

निर्देशांकाचे मूळ : या अभ्यासाचा कणा म्हणजे वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय). हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते व निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की −1 ते +1 यांदरम्यानचे मूल्य मिळते. त्याचे जनकत्व सामान्यतः टेक्सस ए अँड एम विद्यापीठातील राउझ, हास, शेल व डिअरिंग यांना दिले जाते. 1972 मध्ये सोडलेल्या लँडसॅट-1 (तेव्हाचे नाव ईआरटीएस-1) उपग्रहाच्या प्रतिमांवर आधारलेले त्यांचे काम 1973 च्या अखेरीस मांडले गेले. ऋण मूल्ये टाळण्यासाठी त्यांनी निर्देशांकात 0.5 मिळवून वर्गमूळ घेण्याचा पर्यायही सुचविला होता. तो पुढे मागे पडला. परंतु क्रिगलर व सहकाऱ्यांच्या 1969 च्या निबंधात हेच गुणोत्तर आढळते. त्याच वर्षी कार्ल जॉर्डन यांनी वनतळापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातील निकट-अवरक्त व लाल यांच्या साध्या गुणोत्तरावरून पर्णक्षेत्र काढले होते. म्हणजे या विचाराची एक मुळी थेट झाडाखाली उभे राहून केलेल्या मापनात आहे. अमेरिकी संशोधक टकर यांच्या 1979 च्या निबंधानंतर निर्देशांक सर्वत्र रूढ झाला. सूत्राचा अग्रक्रम क्रिगलर यांना आणि गवताळ प्रदेशातील प्रत्यक्ष मोजलेल्या जैवभाराशी (वनस्पतींच्या वजनाशी) ते जोडून पाहण्याचे श्रेय राउझ गटाला, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते.

भारतात दूरसंवेदनाचा आरंभ पिशारोथ रामा पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली 1970 च्या सुमारास केरळातील नारळाच्या मूळकुज रोगाच्या हवाई अवरक्त छायाचित्रणाने झाला, असे मानले जाते. स्वदेशी प्रतिमांची परंपरा आयआरएस-1ए या भारतीय उपग्रहापासून (17 मार्च 1988) सुरू होते.

ऋतुमान व प्रतिमेची तारीख : खानदेशात प्रतिमेची तारीख हाच कळीचा प्रश्न ठरतो. भारतीय वन सर्वेक्षण (स्थापना 1981) आपल्या द्वैवार्षिक अहवालासाठी साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधील निरभ्र प्रतिमा घेते. किमान 1 हेक्टर क्षेत्र व 10 टक्के छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला भाग) असले की ते वनाच्छादन मानले जाते. 70 टक्के व त्याहून अधिक छत्राला अतिदाट, 40 ते 70 टक्क्यांना मध्यम दाट आणि त्याखाली विरळ म्हणतात. सागाची पाने हिवाळ्यापासून गळू लागतात व मृगापर्यंत झाड जवळजवळ उघडे राहते. अंजन मात्र चैत्राच्या सुमारास जुनी पाने टाकून लगोलग लालसर पालवी धरतो. त्यामुळे मे महिन्याच्या प्रतिमेत यावलच्या बाजूचे अंजनाचे उतार शेजारच्या सागवनापेक्षा हिरवे दिसतात, तर ऑक्टोबरमध्ये दोन्ही जवळपास सारखेच. दोन तारखांच्या प्रतिमांची तुलना करून या दोन वनप्रकारांची विभागणी शक्य होते. एकाच प्रतिमेवरून ती करणे धाडसाचे आहे.

आणखी एक गुंता किडीचा. सागाच्या पानातील शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून उरलेला भाग खाणारी अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढते आणि भर हिरव्या ऋतूत डोंगर तपकिरी पडतो. निर्देशांक घसरलेला पाहून तोड किंवा अवर्षण असा निष्कर्ष काढणे सोपे असते. पान हातात घेऊन पाहणाऱ्यालाच खरे कारण कळते. याउलट घाणेरीचे दाट गचपण झाडांखालची हिरवाई फुगवून दाखवते. काळ्या जमिनीचाही परिणाम होतो : विरळ आच्छादनाखालची माती गडद किंवा ओली असल्यास निर्देशांक प्रत्यक्षाहून जास्त येतो. ह्यूट यांनी 1988 मध्ये सुचविलेला मृदा-समायोजित निर्देशांक अशा ठिकाणी अधिक विश्वासार्ह ठरतो.

क्षेत्रमापन : वृत्तखंडात (मोजमापासाठी आखलेल्या नमुन्याच्या तुकड्यात) झाडांची जात, 1.37 मी. उंचीवरील खोडाचा घेर, उंची, छत्राची घनता, रोपांची संख्या, पालापाचोळा व मातीतील ओलावा नोंदवतात. 0.1 हेक्टरच्या चौरस वृत्तखंडाची बाजू सुमारे 31.6 मी. असते, म्हणजे सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या 10 मी. चित्रबिंदूंपैकी (प्रतिमेच्या सर्वांत लहान चौकटींपैकी) साधारण दहांएवढे क्षेत्र त्यात मावते, पण भारतीय उपग्रहांवरील लिस-3 संवेदकाच्या 23.5 मी. बिंदूंपैकी दोनही पुरते नाहीत. मोडिस या अमेरिकी संवेदकाचा 250 मी.चा एकच बिंदू 6.25 हेक्टर व्यापतो. दाट छत्राखाली आणि अक्राणीच्या खोल दऱ्यांत जीपीएसची चूक वाढते. म्हणून वृत्तखंड एकसारख्या वनाच्या मध्यभागी, कडेपासून दूर घेणे आवश्यक असते. बहुतेक प्रतिमा सकाळी साडेदहाच्या सुमाराच्या असल्याने हिवाळ्यात वायव्येकडील उतार सावलीत जातात व तेथील वन आहे त्याहून दाट किंवा विरळ भासते. नेमक्या याच उतारांवर पायी जाण्याची सर्वाधिक गरज असते आणि वाटही तेथेच सर्वांत अवघड आहे.

शेती : रावेर-यावल पट्ट्यातील ठिबकवरची केळी उन्हाळ्यातही हिरवी असते, तेव्हा मैदानाचा निर्देशांक सातपुड्याच्या वनाहून वर जातो. पिकाची नोंद नसलेल्या वर्गीकरणात ही बाग सदाहरित वनस्पती म्हणून खपते. पांझरा खोऱ्यातील फड या सामूहिक सिंचन पद्धतीत एका फडात सर्व शेतकरी एका हंगामात एकच पीक घेतात. त्यामुळे चित्रबिंदूंतील मिसळ कमी होते व पीक ओळखण्यासाठी फड हा उत्तम नमुना ठरतो. या पद्धतीचा काळ काही अभ्यासक फारुकी राजवटीपर्यंत मागे नेतात. तीनशे-चारशे वर्षे हा मोघम अंदाज सामान्यतः स्वीकारला जातो.

नोंदीची सत्यता : क्षेत्रनोंद खोटी असेल, तर तिच्यावर उभारलेला अधिवास-नकाशाही खोटाच निघतो. रानपिंगळ्याचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये वर्णिलेल्या या घुबडाचे नमुने जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 नंतरच्या काही वर्षांत पश्चिम खानदेशात जमवले होते. ब्रिटिश पक्षिसंग्राहक माइनरत्झागेन यांनी 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याचा दावा केलेला नमुना हा प्रत्यक्षात संग्रहालयातून लांबवलेला जुनाच पक्षी असल्याचे पक्षितज्ज्ञ रासमुसेन व कॉलर यांनी दाखवून दिले. शोध खऱ्या नोंदींच्या ठिकाणांकडे वळल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तोरणमाळ व यावल येथेही त्याची नोंद झाली. विरळ, मोकळे सागवन त्याला मानवते. दाट छत्र म्हणजेच चांगले वन, हा उपग्रहीय निकष येथे थेट लावता येत नाही.

वणवे, कुरणे व वनहक्क : मार्च ते मेमधील वणव्यांच्या सूचना मोडिस व 375 मी. विभेदनाच्या व्हीआयआयआरएस संवेदकांवरून मिळतात. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली छोटी, पाचोळ्यापुरती आग बहुधा निसटते. साक्री तालुक्यातील बारीपाडा व धुळे तालुक्यातील लामकानी येथे गावाने राखलेली वने-कुरणे राखणीआधीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना करण्यास अत्यंत योग्य आहेत. मात्र गवताच्या जाती मोजल्याशिवाय ती तुलना अपुरी राहते. हतनूर जलाशयात जलपर्णीचा विस्तार व पाण्याचा गढूळपणा प्रतिमांवरून पाहता येतो.

वनहक्क कायद्याखालील जमिनीच्या दाव्यांतही प्रतिमा वापरल्या गेल्या. 2012 च्या सुधारित नियमांनुसार उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. सातपुड्यातील झाडांखालच्या लहान, उताराच्या शेतांचा विचार करता ही तरतूद शास्त्रीय दृष्ट्याही योग्य आहे.

रडार : पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा मिळत नाहीत, नेमक्या त्याच काळात येथील वाढ सर्वाधिक असते. ही उणीव युरोपीय सेंटिनेल-1 व 30 जुलै 2025 रोजी सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाच्या, ढगांतून पाहू शकणाऱ्या रडारमुळे भरून निघू शकते. निसारचा एल-पट्टा (सुमारे 24 सेंमी. तरंगलांबी) पानांमधून फांद्या व खोडांपर्यंत पोचतो, हेक्टरी सुमारे 100 टन जैवभारापुढे त्याची संवेदनक्षमता मंदावते, पण येथील बरेचसे शुष्क वन या मर्यादेच्या आत येते. कर्ब-विनिमय (वन व हवा यांतील कार्बनची देवघेव) मोजणारा मनोरा तापीच्या उगमाकडील बैतूल जिल्ह्यातील सागमिश्र वनात आहे. खानदेशातील सागवनासाठी त्याची मापे वापरताना अंजन-सालईच्या उतारांसाठी स्वतंत्र वृत्तखंड घ्यावे लागतात.