लॅपटॉप स्लो झालाय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

फोंड्यातल्या आमच्या दुरुस्तीच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवताना बहुतेक जण एकच वाक्य म्हणतात, "खूप स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅट मारणं आम्हाला सोपं आहे. दोन-तीन तासांत काम संपतं आणि पैसेही मिळतात. पण असे कितीतरी लॅपटॉप महिना-दोन महिन्यांत परत येतात, कारण मूळ बिघाड तसाच आत राहिलेला असतो. फॉरमॅटमध्ये गेलेलं मात्र सहसा परत मिळत नाही. दुकानदाराचा टॅलीचा डेटा जातो, शिक्षिकेचे जुने मराठी फाँट जातात आणि त्या फाँटवाचून न उघडणाऱ्या प्रश्नपत्रिकाही जातात. म्हणून आधी दुखणं कुठे आहे ते बघूया. त्यातलं बरंचसं तुम्हाला घरीच, एक पैसा न खर्चता बघता येतं.

शट डाउन आणि रीस्टार्ट एकच नाहीत

"मी रोज रात्री बंद करते हो," असं सांगणाऱ्या ताईंच्या लॅपटॉपवर तेवीस दिवसांचा अप टाइम, म्हणजे रीस्टार्ट न होता सलग चाललेला वेळ दिसतो, तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. चूक त्यांची नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असली की शट डाउन केल्यावरही विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच पुन्हा उचलतं. जुनी अडकलेली कामं त्याच्याबरोबर परत येतात. रीस्टार्ट दाबल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. तेव्हा आधी रीस्टार्ट करा, पाच मिनिटं थांबा आणि मग पुढचं वाचा. काहींचं काम इथेच होईल.

टास्क मॅनेजरमध्ये काय बघायचं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम, चालू कामं ठेवायची जागा) आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. नेहमीचं काम चालू ठेवून ते पाच मिनिटं बघत राहा.

डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि सीपीयू मात्र निवांत, हे दृश्य आम्ही सर्वांत जास्त वेळा बघतो. पण लगेच डिस्कला दोष देऊ नका, शेजारचा मेमरीचा आकडाही बघा. तो नव्वदीच्या वर असेल तर रॅम अपुरी पडते आहे. रॅममध्ये न मावलेलं विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतं आणि पुन्हा आणतं, त्यामुळे डिस्कही धापा टाकते. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ आणि ब्राउझरचे दहा टॅब चालवले की हेच होतं. अशा वेळी ८ जीबी केल्याने फरक पडतो. पण मेमरी साठ टक्क्यांच्या आतच राहत असेल तर रॅम वाढवून काही मिळणार नाही, आणि ते आम्ही तुम्हाला स्पष्ट सांगू. ऑनलाइन रॅम मागवण्याआधी एक गोष्ट तपासा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, ती वाढवताच येत नाही.

त्याच खिडकीत स्टार्टअप ॲप्सची यादी आहे. लॅपटॉप उघडताच आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. मीटिंगची ॲप्स, गेमचे लाँचर, कधीकाळी जोडलेल्या प्रिंटरचे मदतनीस असं ओळखीचं आणि नको असलेलं डिसेबल करा. त्याने प्रोग्रॅम उडत नाही, फक्त न बोलावता येत नाही. लॅपटॉप घेताना आलेलं ट्रायल अँटीव्हायरस मुदत संपून पडलं असेल आणि त्यावर कुणी दुसरं घातलं असेल तर दोन्ही काढा. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर घरच्या वापराला पुरतं. "एका क्लिकमध्ये स्पीड वाढवा" म्हणणारे क्लीनर आणि बूस्टर घालू नका, आम्ही ते रोज काढत बसतो. आणि पडद्यावर अचानक "व्हायरस आला, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल, म्हणजे जागा संपत आली असेल, तर डाउनलोड्स आणि रीसायकल बिन रिकामे करा, सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज इथून टेम्पररी फाइल्स काढा. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या.

हार्ड डिस्क असेल तर

तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर मंदपणाचं कारण बहुधा तीच आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात डिस्कखाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) ते लिहिलेलं असतं.

लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचण्यासाठी तिचा काटा योग्य ठिकाणी सरकावा लागतो आणि ती जागा फिरत खाली येईपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे विखुरलेल्या फाइल वाचताना ती सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोहोचते. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइल वाचतं. बाजाराच्या दिवशी एकाच माणसाला शंभर दुकानांतून एकेक वस्तू आणायला धाडावं, तशी ही गत. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तीच कामं ती सेकंदाला हजारोंनी उरकते. म्हणून सहा-सात वर्षांचा, सुरू व्हायला चार मिनिटं घेणारा लॅपटॉप एसएसडी घातल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो. आमच्या इतक्या वर्षांच्या कामात ग्राहकाच्या पैशाचं इतकं चीज करणारी दुसरी दुरुस्ती आम्ही पाहिलेली नाही.

जुनी डिस्क शाबूत असेल तर ती आहे तशी एसएसडीवर उतरवता येते. तुमचे प्रोग्रॅम, फाँट, डेस्कटॉपवरचा फोटोसुद्धा जिथल्या तिथे राहतो. फॉरमॅटची गरजच पडत नाही.

पण डिस्क शाबूत आहे का, हे आधी बघावं लागतं. एका गावच्या नाट्यमंडळाचा लॅपटॉप आमच्याकडे जत्रेच्या चार दिवस आधी आला. नाटकाचं सगळं पार्श्वसंगीत त्यात होतं. "जरा अडकतोय, फॉरमॅट मारा," एवढीच तक्रार. डिस्कची स्वतःची नोंद वाचली तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, भराभर वाढत होते, म्हणजे डिस्क मरायला टेकली होती. आम्ही दुसरं काहीच न करता आधी फाइल बाहेर काढल्या. दोन गाणी सोडून सगळं मिळालं. फॉरमॅट मारला असता तर मंडळाला पडदा उघडताना शांतता ऐकावी लागली असती. तुमच्या लॅपटॉपमधून टक्-टक् आवाज येत असेल किंवा एखादी फाइल कॉपी होताना तासन् तास अडकत असेल, तर तो बंद करा आणि तसाच घेऊन या. दुरुस्तीचे कुठलेही प्रोग्रॅम चालवू नका, त्या धडपडीत उरलेली डिस्कही जाते.

एसएसडी घातल्यावर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइल एकत्र लावणं, करायची गरज नाही. तिची निगा विंडोज आपोआप घेतं.

आपली हवा, आपली धूळ

सुरुवातीची दहा मिनिटं नीट चालतो आणि मग रांगायला लागतो, पंखा घोंगावतो, खालची बाजू हाताला चटका देते. हा उष्णतेचा त्रास. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. फॉरमॅट मारून याला काडीचा उपयोग होत नाही.

गोव्यात हे जास्त होतं असं आमचं मत आहे. इथली तांबडी माती बारीक असते, आणि दमट हवेत ती कापडाच्या तंतूंबरोबर पंख्यापुढच्या जाळीत थर धरते. फुंकर मारून तो निघत नाही, उघडूनच काढावा लागतो. त्याच वेळी प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलतो. किनाऱ्याच्या बाजूने येणाऱ्या लॅपटॉपमध्ये खाऱ्या हवेने स्क्रू आणि यूएसबीची तोंडं गंजलेली दिसतात. त्यांनी वर्षातून एकदा, बाकीच्यांनी दोन वर्षांतून एकदा आतून सफाई करावी. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करू नका, खालची हवा कोंडते.

पावसाळ्यात चार महिने कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप वापरातल्यापेक्षा लवकर बिघडतो. दोन-तीन दिवसांनी तासभर चालवा, त्याच्याच उबेने आतला ओलावा जातो. विजा चमकत असताना चार्जर आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढा.

आणखी एक. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग काहीही केलं तरी ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलेला दिसला तर चार्जर तपासा. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखू शकले नाहीत की मुद्दाम वेग घटवतात. टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबू नका, लगेच आणा.

विंडोज १० वाले

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो सहसा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आय५-७२००यू ही सातवी पिढी, आय५-८२५०यू ही आठवी. जुन्या मशीनवर वाकड्या वाटेने विंडोज ११ घालून द्या असं काही जण सांगतात. आम्ही ते करत नाही, पुढे अपडेटची खात्री राहत नाही. ज्यांचं काम ब्राउझर आणि पत्रं लिहिण्यापुरतं आहे त्यांना आम्ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टीम चालवून दाखवतो. ती फुकट आहे आणि मराठी टायपिंग तिच्यात नीट होतं.

कधी खर्च करू नये

स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी नावाची साठवणीची चिप बोर्डावरच बसवलेली असते. ती बदलता येत नाही, बहुतेक वेळा रॅमही वाढत नाही. त्यावर पैसे घालू नका. बिजागर तुटलेलं, बॅटरी मेलेली आणि स्क्रीनवर रेघा, असं सगळं एकदम असेल तरी आम्ही नवा घ्या म्हणू.

आमच्याकडे आणताना

चार्जर सोबत आणा. जमल्यास महत्त्वाच्या फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की (विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली) कागदावर उतरवून ठेवा. बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) किंवा मदरबोर्डचं काम झाल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर आतला डेटा आम्हालाच काय, कुणालाच उघडता येत नाही.

तपासणी तुमच्यासमोर होते. टास्क मॅनेजर आणि डिस्कची नोंद तुम्हाला दाखवून मगच खर्च लेखी देतो, तुम्ही हो म्हटल्यावर स्क्रू उघडतो. रॅम आणि एसएसडीचे भाव सतत बदलतात, म्हणून इथे छापलेले नाहीत. काढलेला प्रत्येक भाग तुम्हाला परत मिळतो. जुनी डिस्क चांगली असेल तर केसमध्ये घालून देतो, फोटोंच्या बॅकअपला उपयोगी पडते.

दुपारी १ ते ३.३० दुकान बंद असतं. चवथीच्या आधीच्या आठवड्यात कामं फार येतात, तेव्हा एसएसडी किंवा सफाईसाठी त्याआधीच आलात तर लॅपटॉप त्याच दिवशी घरी नेता येईल.